चेरीची पाकळी देवाला चालते का?

॥ श्री ॥

टूटिंग, लंडन
रविवार, ४ मे २०२५

तीर्थरूप सौ. आईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर तू मला चांगलंच झापलंस. डोळ्यात थेंब घालून घालून मोबाईल बघवत नाही, आणि मी आपली रोज दहा-दहा फुलांचे फोटो पाठवतेय. "फोटोतलं फूल म्हणजे लग्नपत्रिकेवरचा गणपती. नमस्कार करता येतो, पूजा नाही करता येत," असं म्हणालीस ना? अभय दिवसभर हसत होता. म्हणून आज सुट्टी आहे तर कागद-पेन घेऊन बसले. वहिनी, तू वाचून दाखवणार आहेस, तर जरा सावकाश वाच. मध्ये मध्ये माझी फजिती येईल, ती गाळू नकोस. आईला तेवढंच ऐकायचं असतं.

आई, इथला हिवाळा तुला मी कितीदा सांगितला. नोव्हेंबरपासून सगळी झाडं म्हणजे अंगणात उलटे उभे करून ठेवलेले खराटे. डिसेंबरात दुपारी चारच्या आत दिवेलागण. मी नाईट करून येते तेव्हा अंधार, झोपून उठते तेव्हाही अंधार. मागच्या हिवाळ्यात मी तुला दोनदा म्हणाले होते की आता परतच येते. तेव्हा तू म्हणालीस, "चैत्र लागू दे, मग बघू." तुझा चैत्र खरंच लागला, आणि तोही कसा, तर यंदा पाडवा ३० मार्चला आला आणि नेमकी त्याच पहाटे इथली घड्याळं तासभर पुढे गेली. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथे सगळा देश घड्याळ पुढे करतो, म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळ लांबते. अभय म्हणाला, साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त आणि त्यातला एक तास सरकारने खाल्ला. त्या गडबडीत गुढी उभारायला नऊ वाजले, तेही नव्या घड्याळाचे. कडुनिंबाचा डहाळा टूटिंगच्याच एका दुकानात मिळाला. झेंडू मात्र कुठे मिळेना. मग माझ्या डोक्यात आलं डॅफोडिल.

डॅफोडिल म्हणजे पिवळं फूल, बाहेर सहा पाकळ्या आणि मधोमध पेल्यासारखं तोंड. बाजारात ते कळ्यांच्या जुड्या बांधून मिळतं, जुडी पौंड-सव्वा पौंडाला. हिरवे लांब दांडे आणि वर मिटलेली टोकं. शुक्रवारी मी दोन जुड्या आणून सिंकपाशी ठेवल्या आणि अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर तुझे जावई पाट-सुरी घेऊन बसलेले. "कांद्याची पात आणलीस ना, पीठ पेरून करतो." वेळेवर पोचले म्हणून बरं. ते फूल विषारी आहे, पोटात गेलं तर उलट्या होतात. हा घोटाळा आपल्याच घरात झाला असं समजू नकोस. २०१५ साली इथल्या सरकारी आरोग्य खात्याने मोठ्या दुकानांना लेखी कळवलं होतं की डॅफोडिल भाजीजवळ मांडू नका, लोक पात समजून खातात. ते मी अभयला वाचून दाखवलं, तेव्हा कुठे त्याचा चेहरा जागेवर आला.

रविवारपर्यंत कळ्या उमलल्या. माळ करायला बसले तर देठ पोकळ आणि त्यातून चिकट पाणी गळतंय. सुई घातली की देठ उभा चिरतो, वर हाताला खाज. शेवटी दोऱ्याने जुडीच्या जुडी गुढीला बांधली. वरच्या मजल्यावरची पोलिश बाई जिन्यात थांबून विचारायला लागली, हे काय? मी म्हटलं, नवीन वर्ष. तिने तांब्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं आणि म्हणाली, फुलं छान आहेत. बाकीचं तिला काही झेपलं नसावं.

तिथून जो सुरू झाला आमचा वसंत, तो अजून चाललाय. यंदा इथे पाऊसच नाही. लंडनचे लोक एरवी पावसाला शिव्या घालतात, आता ऊन जास्त पडतंय म्हणून घालतात.

रस्त्यावरची चेरी आधी फुलली. आमच्या गल्लीत चार झाडं आहेत, तुला मागे व्हिडिओ कॉलवर दाखवली होती ती, नुसती काटकुळी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पान एकही नाही आणि फांदी न् फांदी फुलांनी झाकलेली. आपल्याकडे पळस-पांगारा असाच फुलतो ना, आधी फूल आणि मग पान. पण पळस पेटतो, ही चेरी नुसती विरघळते. रंग म्हणशील तर दुधात गुलाबाचं सरबत चार थेंब टाकावं तसा. आणि आता तुझा प्रश्न येणार हे मला माहीत आहे: वास कसा? वास नाही, आई. ह्या झाडांना तरी नाही. नाक पार फुलात घालून बघितलं. ह्यातल्या पुष्कळ झाडांना खायची चेरीही लागत नाही. ती शोभेसाठीच लावतात. "वास नाही, फळ नाही, देवाला वाहायची नाहीत, मग करतात काय त्यांचं?" असं तू विचारशील. बघतात, आई. नुसती बघतात. रस्त्यात मान वर करून माणसं उभी असतात. परवा बसच्या ड्रायव्हरलाही लाल दिव्यापाशी मान वर करून बसलेला मी पाहिला.

सुरुवातीला मला हे जमायचं नाही. फूल दिसलं की हात आपोआप जायचा. तुझीच लेक ना. पहाटे साडेपाचला प्लॅस्टिकची पिशवी आणि टोकाला आकडी बांधलेली काठी घेऊन सदरबझारातून तुझी फेरी. कुणाच्या कुंपणावरची जास्वंद, कुणाची तगर, कुणाचा सोनचाफा. बाबा घरात म्हणायचे, "एक दिवस पोलीस येतील," आणि पूजेला बसले की पहिल्यांदा परडीत किती फुलं आहेत तेच बघायचे. इथे बागेत पाटी असते, फुलं तोडू नयेत. खरं तर पाटीची गरजच पडत नाही. तोडणारं कुणी दिसतच नाही. एवढे वाफे, एवढे ताटवे उघड्यावर, ना कुंपण ना राखण्या, आणि सगळी फुलं जागच्या जागी. पहिल्या वर्षी मला वाटलं, ह्यांना फुलांची किंमतच नाही.

१४ एप्रिलला ईराला ईस्टरची सुट्टी होती आणि बाबांची फर्माईशही होती, म्हणून आम्ही रीजंट्स पार्कला गेलो. बाबा, आता तुमचं येतंय, नीट ऐका. ह्या बागेत शिरायला पैसे लागत नाहीत. ही राजाची बाग. लंडनमध्ये अशा राजाच्या म्हणवल्या जाणाऱ्या मोठ्या बागा आठ आहेत आणि सगळ्या लोकांना फुकट. मधल्या लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्युलिप. आई, ट्युलिप म्हणजे एका दांड्यावर एकच फूल, निरांजनासारखं वर उघडं. शेजारी हायसिंथ लावलेली असतात. त्याला मात्र वास आहे. आणि कसला! लांबूनच येतो, जवळ गेलं तर डोकं धरतं. आपल्या गल्लीत लग्नाचा मांडव पडला की सगळ्या अत्तरांचा मिळून जो एक वास येतो ना, तसा. ईरा म्हणाली, आत्याच्या साडीचा वास येतोय.

तिथे गुलाबांची स्वतंत्र बाग आहे, बारा हजारांवर झाडं. पण गुलाब फुलतात जूनमध्ये. आम्ही गेलो तेव्हा सगळी झाडं छाटलेली आणि नुकती लाल पालवी फुटलेली. अभय म्हणाला, "चला, पुढच्या वेळची सोय झाली." त्या बागेच्या रस्त्याला मात्र चेरीची दोन्ही बाजूंनी कमान होती, आणि वारा आला की पाकळ्यांचा पाऊस. ईराने टोपी उलटी धरली. त्या टोपीची गोष्ट शेवटी सांगते.

बागेच्या वरच्या अंगाला प्रिमरोझ हिल नावाची टेकडी आहे. टेकडी म्हणजे तिकडचे लोक म्हणतात म्हणून टेकडी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहिलेल्या माणसाने तिला उंचवटा म्हणावं. पण वरून सगळं लंडन दिसतं. तिथून उतरून गेलं की किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०. बाबा, बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये ह्या घरात राहिले. भिंतीवर निळी गोल पाटी आहे, ईराने ती मोठ्याने वाचली. आपल्या सरकारने हे घर २०१५ साली विकत घेतलं. जयंतीचा दिवस, त्यामुळे दारापुढे आपलीच माणसं, हातात फुलं, आणि कानावर सगळीकडून मराठी. नागपूरची एक मुलगी म्हणाली, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, साताऱ्याची. "म्हणजे बाबासाहेबांच्या शाळेच्या गावच्या!" तेव्हा मी तुमचं नाव मोठं केलं बाबा. म्हटलं, माझे वडील त्याच शाळेत शिकले. ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या शाळेत बाबासाहेबांचं नाव घातलं, त्या प्रतापसिंह हायस्कुलात. मग तिने माझा फोटो काढून घेतला, जशी काही मीच त्यांच्या बाकावर बसले होते. येताना अभयला म्हटलं, ह्या टेकडीवर त्यांनी कधी फुलं बघितली असतील का रे? तो म्हणाला, त्यांना कुठला वेळ. ते दिवसभर वाचनालयात असायचे.

रिचमंडच्या हरणांच्या बागेत झुडपांचा एक भाग आहे, तळ्याच्या काठाने नुसते गुलाबी-लाल ढीग आणि खाली पाण्यात तेवढेच उलटे ढीग. तिथे ईराचे बूट चिखलात रुतले, एक सापडला आणि दुसरा सापडायला अर्धा तास गेला, त्यामुळे त्या बागेविषयी मला फारसं काही सांगता यायचं नाही.

आता क्यूचं. क्यू गार्डन्सचं नाव बाबांनी ऐकलं असेल. ही नुसती बाग नाही, वनस्पतींची शाळाच म्हण. १७५९ पासूनची. तिकीट महाग, माणशी दोन-अडीच हजार रुपये पडतात, म्हणून आम्ही वर्षाचा पासच काढला आणि आता वसुली चाललीय. मार्चमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी. तिथे एक प्रचंड काचघर आहे, लोखंड आणि काच, १८४८ मध्ये बांधून पुरं झालेलं. आत पाऊल टाकलं आणि माझा चष्मा धुक्याने भरला. काही दिसेना, पण वास आला. ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा, केळीच्या बागेचा. आई, मी तिथे दारातच उभी राहिले. मावशीच्या गुहागरच्या परसात जुलैमध्ये जो वास येतो, तो लंडनमध्ये काचेत कोंडून ठेवलाय. मागची माणसं म्हणत होती, पुढे सरका. चष्मा पुसून बघते तर केळी, नारळ, कोको आणि एका कुंडीत बुटक्या ताडासारखं आडवंतिडवं वाढलेलं एक झाड, कुबड्यांसारखे टेकू दिलेलं. हे झाड दक्षिण आफ्रिकेतून १७७५ साली आणलं. दोनशे पन्नास वर्षं कुंडीत! जगातलं सर्वांत जुनं कुंडीतलं झाड म्हणतात त्याला. तू दर पावसाळ्यात शेवंतीची कुंडी बदलतेस ते मला आठवलं. बाबा म्हणतील, बघ, नुसती माती न बदलताही जगतं. पण तसं नाही, त्याचीही कुंडी बदलतात, आणि तो तिथे सोहळाच असतो म्हणे.

क्यूची आणखी एक गोष्ट तुझ्यासाठी. १८९६ साली तिथे पहिल्यांदा बायका माळीकामाला घेतल्या. आणि त्यांना हुकूम काय, तर पुरुष माळ्यांसारखीच गुडघ्यापर्यंतची विजार घालायची, म्हणजे पुरुषांचं लक्ष विचलित व्हायला नको. झालं उलटंच. विजारीतल्या बायका बघायला लोक यायला लागले. वर्तमानपत्रांत त्याच्यावर कविता छापून आल्या. तू पदर खोचून, साडी गुडघ्याशी आवळून आळी करतेस तेव्हा शेजारचे काका मुद्दाम अंगणात येऊन पेपर वाचतात असा तुझा संशय होता ना, त्याची आठवण आली.

परवा १ मेला मी एकटीच गेले. नाईट संपवून घरी जाऊन झोपायचं, ते सोडून तशीच गाड्या बदलत क्यूला. महाराष्ट्र दिन होता आणि लंडनने तो अगदी मनावर घेतला. पारा २९.३ अंश, आणि तो मोजला नेमका क्यूमध्येच! १ मेला इतका उकाडा नोंदी ठेवायला लागल्यापासून इथे कधी झाला नव्हता. तुला हसू येईल, तिकडे चाळिशी गाठत असेल. पण इथे काय झालं असेल? सगळी माणसं हिरवळीवर वाळवणासारखी पसरलेली. अर्धा तास ह्या कुशीवर, अर्धा तास त्या कुशीवर. मला वाटलं, आता कुणीतरी कावळे हाकलायला काठी घेऊन बसेल.

बागेच्या टोकाला एका राणीची जुनी झोपडी आहे, तिच्या भोवतीच्या रानात ब्लूबेल फुलतात. मला थोडा उशीरच झाला होता, बहर उतरत होता, तरीही झाडांखाली निळं पाणी साचल्यासारखं वाटत होतं. गोकर्णाच्या निळ्यात थोडं जांभळं मिसळ. लहान घंटा, एकाच बाजूला मान टाकलेल्या. त्यात पाय ठेवायचा नाही, ठरलेल्या वाटेवरूनच जायचं, कारण पानं एकदा तुडवली की कंदाला परत जोर धरायला वर्षं लागतात. आणि लोक ऐकतात, आई. मला आपलं कास आठवलं. मागच्या सप्टेंबरात आपण गेलो होतो तेव्हा तो गॉगलवाला फुलांत बैठक मारून फोटो काढत होता आणि तू त्याला "ऊठ रे, तुझ्या बापाचं आहे का!" म्हणून ओरडलीस. इथे तुझं काही काम पडलं नसतं. जरा कंटाळली असतीस.

आणि मग सापडला वास! ब्लूबेलांकडून परत येताना एका वळणावर थांबलेच. लायलॅकची झाडं होती, आपल्या डाळिंबाच्या झाडाएवढी, फिकट जांभळे आणि पांढरे तुरे. तो वास कसा सांगू? जाईचा वास घे, त्यात नवीन साबणाच्या वडीचा वेष्टन काढल्यावर येणारा वास थोडा मिसळ, आणि मग ते सगळं उन्हात ठेव. मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही. वारा पडला की नाहीसा होतो आणि आपण चुकलो की काय म्हणून शोधायला लावतो. मी तिथल्या बाकावर बसले. तिकडे बाकांवर पितळी पट्ट्या असतात, अमक्याच्या स्मरणार्थ, त्याला ही बाग आवडत असे. आपल्या देवळाच्या पायऱ्यांवर असतं ना, "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ", तसंच. माझ्या बाकावर एका नवरा-बायकोचं नाव होतं. त्यांच्या नावाला टेकून मी गाढ झोपले. जागी झाले तेव्हा तीन वाजले होते, ईराची शाळा सुटायला पंधरा मिनिटं आणि मी लंडनच्या दुसऱ्या टोकाला. अभयला फोन केला. तो कामातून उठून धावला. बोलला काही नाही, पण भांडी त्या दिवशी मी घासली.

अभयविषयी सांगायचं राहिलं. बिचाऱ्याला हा वसंत सोसत नाही. एप्रिलमध्ये बर्चच्या झाडांचे पराग उडतात, आणि त्याचं नाक जे गळायला लागतं ते थांबत नाही. रोज गोळी घ्यायची, डोळ्यांत थेंब. म्हणजे सध्या तू आणि तुझा जावई दोघंही थेंबवाले. मी लायलॅकचा वास सांगत होते तेव्हा तो म्हणाला, "मला सध्या हिंगाचाही वास येत नाही."

आता एका म्हाताऱ्या बाईंची गोष्ट, आणि मग पुरे. इथे पिवळे फलक लावून लोक आपल्या घरामागची बाग एखाद्या रविवारी सगळ्यांना बघायला उघडी ठेवतात. थोडं तिकीट असतं, चहा-केकचे वेगळे पैसे, आणि ते सगळे पैसे नर्सिंगच्या संस्थांना जातात. माझ्या पेशाला! मला आधी हे माहीतच नव्हतं. १९२७ साली घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या नर्सांसाठी पैसे उभे करायचे होते, तेव्हा कुणाला तरी सुचलं की एवढ्या बागा आहेत, त्या दाखवून माणशी एक शिलिंग घेऊ. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या. मागच्या रविवारी आमच्याजवळच्या अशाच एका बागेत गेलो. बाईंचं वय ऐंशीच्या घरात, बाग आपल्या माजघराएवढी, पण इंचभर जागा रिकामी नाही. मागच्या भिंतीवर विस्टेरियाचा वेल. आई, तुझ्या दारातला बहावा आता फुलला असेल ना? तोच बहावा जांभळा कर आणि वेलावर चढव. तसेच लोंबणारे घोस, खाली भुंग्यांचा कल्ला, आणि ह्यालाही मंद गोड वास. हा वेल मूळ चीनचा, १८१६ मध्ये इंग्लंडला आला.

बाईंनी विचारलं, काय करतेस? नर्स म्हटल्यावर त्यांनी केकचे पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, अहो, पैसे माझ्यासाठीच गोळा करताय ना, मग घ्या. खूप हसल्या. मग त्यांनी गोगलगायींचं रडगाणं सुरू केलं. इथे शंख नसलेल्या गोगलगायी रात्रीतून अख्खं रोप फस्त करतात. बाई रात्री दहाला बॅटरी आणि डबा घेऊन बागेत फिरतात आणि एकेक वेचतात. मी म्हटलं, माझी आईही फिरते, पण पहाटे, आणि वेचते फुलं, तीही दुसऱ्यांची. तुझी आकडी, पिशवी, सदरबझार सगळं सांगून टाकलं. रागावू नकोस. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, जवळ वाकल्या आणि मला म्हणाल्या, "हा कोपऱ्यातला लॅव्हेंडर आहे ना, तो दुसऱ्याच्या कुंपणातला. खिशात कात्री असते माझ्या." तुमची दोघींची गाठ घालून द्यायला हवी.

ट्युलिपचे कांदे आणायला सांगितले होतेस. खरंच कांद्यासारखे असतात. पण ते पेरायचे ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मग तीनेक महिने कडक थंडी मिळाली तरच वसंतात फूल. साताऱ्याच्या थंडीने त्यांचं भागायचं नाही. फ्रीजमध्ये ठेवून बघता येतात, पण वहिनी, तू पोह्यांत चिरशील आणि मग परत माझ्या नावाने ओरड. शिवाय कंद, रोपं, बिया विमानातून अशाच आणता-नेता येत नाहीत. कागदपत्रं लागतात. तेव्हा तूही पदरात अबोलीचं बी बांधून येऊ नकोस. मागच्या वेळी दुर्वांची मुळं कशी आली होती ते मला माहीत आहे.

आता टोपीची गोष्ट. तुझा निवाडा हवाय, म्हणून ही शेवटी ठेवली.

ईराने रीजंट्स पार्कातून टोपीभर चेरीच्या पाकळ्या आणल्या. बसमध्ये मांडीवर धरून, एकही सांडू न देता. घरी आल्यावर बूटही न काढता देवघरापाशी गेली आणि सगळी टोपी गणपतीवर रिकामी केली. मी ओरडले. म्हटलं, खाली पडलेलं फूल देवाला वाहत नाहीत. ती म्हणाली, मग झाडावरचं तोडू? मी म्हटलं, छे, तोडायचं नाही, पाटी वाचलीस ना. तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "पाटी म्हणते तोडू नका, तू म्हणतेस पडलेलं नको. मग बाप्पाला द्यायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढ्यावर थांबली नाही. "आजीकडे आपण पहाटे चादर अंथरली होती ना प्राजक्ताखाली? ती पण पडलेलीच होती!"

बरोबर आहे तिचं. गणपतीत आलो होतो तेव्हा तूच तिला दाखवलंस, प्राजक्त तोडायचा नसतो, तो आपणहून पडतो, आणि पडलेलाच देवाला चालतो. पोरीने तेवढंच धरून ठेवलं. आता मी म्हणते, प्राजक्ताचं वेगळं, ते शास्त्रात आहे. ती म्हणते, चेरीपण आपणहून पडते, मी बघितलंय. अभय अर्थातच लेकीच्या बाजूने.

तेव्हा नीट विचार करून सांग. वाटल्यास गुरुजींना विचार, पण मला तुझंच मत हवंय. तुझं उत्तर येईपर्यंत पाकळ्या मी गणपतीवरून काढून ताटलीत ठेवल्यात, देवघराच्या बाहेर, पण अगदी उंबऱ्याला लागून. वीस दिवस झाले, तपकिरी पडल्यात, कुरकुरीत झाल्यात. निर्माल्य म्हणावं तर वाहिलेल्या नाहीत, कचरा म्हणावं तर ईरा रोज सकाळी मोजते.

बाबांना नमस्कार. दादाला आठवण. वहिनीस सप्रेम नमस्कार, इथवर वाचल्याबद्दल दोनदा. चि. ओमला आशीर्वाद. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल आणि डॉक्टर सांगेपर्यंत पहाटेची फेरी बंद ठेव. आकडीवाली काठी माळ्यावर टाकली आहे असं दादा म्हणाला, पण मला खरं वाटत नाही.

तुझी,
मंजू

ता. क. पत्र पाकिटात घालताना ईरा म्हणाली, आजीला लिही, उत्तर "नाही" असेल तर फोनवर सांगू नको, पत्रच लिही. पत्राला वेळ लागतो.